फाट्यापासून शाळेपर्यंत

शाळा गावापासून किती दूर आहे, असे विचारले की आपण किलोमीटरमध्ये उत्तर देतो. सात किलोमीटर, बारा किलोमीटर. सरकारी तक्त्यांतही अंतर याच मापात लिहिलेले असते. पण रोज बसने शाळेला येणाऱ्या मुलामुलींचे माप वेगळे असते. पहिली गाडी किती वाजता, ती चुकली तर दुसरी कधी, संध्याकाळची गाडी शाळा सुटण्याआधी जाते की नंतर, आणि गाडी गावात येते की फाट्यावर उतरून पुढे चालावे लागते, यांवर त्यांचे अंतर ठरते. बारा किलोमीटरवरचे एखादे गाव शाळेला जवळ असते आणि सहा किलोमीटरवरचे दूर पडते.

बुलडाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्याच्या निमित्ताने या मापाचा इतिहास पाहू. आपल्या भागात रस्ते कधी झाले, गाड्या कधी आल्या, हे आपण ऐकलेले असते. कोणत्या गावची मुले दहावीपर्यंत पोचली आणि कोणत्या गावची सातवीलाच थांबली, हेही शिक्षकांना माहीत असते. या दोन गोष्टी एकत्र ठेवून मात्र आपण क्वचितच पाहतो.

रेल्वे नसलेला मुलूख

मेहकर हे पैनगंगेच्या काठचे जुने गाव. शारंगधर बालाजीचे देवस्थान आणि जवळच असलेले लोणारचे सरोवर यांमुळे ते बाहेरच्यांनाही ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात, इंग्रजांनी वऱ्हाडचे जिल्हे पाडले तेव्हा, काही काळ हा सारा जिल्हाच मेहकरच्या नावाने ओळखला जात होता. पुढे मुख्य ठाणे बुलडाण्याला गेले.

रेल्वे मात्र मेहकरला आली नाही. मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग जिल्ह्याच्या उत्तरेकडील सपाट भागातून, मलकापूर, नांदुरा, शेगावमार्गे गेला. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत फाटा काढला गेला तो कापसासाठी. खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ होती. घाटावरचे चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे सारे पठार रेल्वेविना राहिले. खामगाव ते जालना रेल्वेची मागणी इथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या केली.

म्हणून घाटावरच्या माणसाला बाहेर पडायचे तर रस्ताच होता. बैलगाडी, छकडा नाहीतर पाय. बैलगाडी तासाला जेमतेम चार किलोमीटर जाते. म्हणजे माणसाच्या चालीइतकीच. शिकायला परगावी जाणारा मुलगा रोज ये-जा करूच शकत नव्हता. त्याला नातेवाइकाकडे किंवा वसतिगृहात राहावे लागे. हे ज्यांना परवडे त्यांचीच मुले शिकत, आणि मुलींच्या बाबतीत हा विचारही फारसा कोणी करत नसे.

काळी माती आणि कोळशाची मोटार

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात वऱ्हाडात खाजगी मोटारी फिरू लागल्या. मालक बहुधा एक-दोन गाड्यांचे धनी असत. गाडी भरली की सुटायची, आणि बाजाराचा दिवस नसला तर सुटेलच असे नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने प्रवासी गाड्यांना परवाने आणि मार्ग ठरवून देण्याची पद्धत देशभर लागू झाली. तेव्हापासून 'वेळापत्रक' या कल्पनेला कायद्याचा काही आधार मिळाला.

दोन अडचणी मात्र कायद्याने सुटण्यासारख्या नव्हत्या. पहिली जमिनीची. वऱ्हाडची काळी माती कापसाला उत्तम, पण रस्त्याला वाईट. तिच्यातील चिकणमातीचे सूक्ष्म थर पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळतात. खडी घालून पक्का न केलेला रस्ता पहिल्या पावसातच चिखल होतो. म्हणूनच आपल्याकडे 'आठमाही रस्ता' हा शब्द आला. शाळेचे वर्ष नेमके जूनमध्ये, म्हणजे रस्ता बंद होतो त्याच सुमारास सुरू होते!

दुसरी अडचण दुसऱ्या महायुद्धाने आणली. पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि देशात अनेक ठिकाणी मोटारी कोळशाच्या वायूवर धावू लागल्या. गाडीला जोडलेल्या पिंपात लोणारी कोळसा मर्यादित हवेत जाळला की पूर्ण ज्वलन न होता कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. पाण्याची वाफ असेल तर थोडा हायड्रोजनही मिळतो. हे मिश्रण गाळून इंजिनात सोडत. त्यात निम्म्याच्या आसपास नायट्रोजन असतो आणि तो जळत नाही, त्यामुळे इंजिनाची ताकद बरीच घटे. चढ आला की उतारूंनी खाली उतरून चालायचे, असा प्रसंग जुन्या माणसांच्या गोष्टींत हमखास येतो. रसायनशास्त्रात 'अपूर्ण ज्वलन' शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

तीन राज्यांची एक एस.टी.

स्वातंत्र्याच्या वेळी मेहकर मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. दक्षिणेला जालना, परभणीकडे जावे तर निजामाचे राज्य लागे. पश्चिमेला खानदेशात जावे तर मुंबई प्रांत लागे. तिन्हीकडे बस चालवण्याची व्यवस्था वेगवेगळी होती.

निजाम राज्याच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्येच २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली होती. मध्य प्रांत व वऱ्हाडात 'सी. पी. ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस' ही कंपनी होती. १९५० च्या दशकाच्या मध्याला ती सरकारने ताब्यात घेतली. मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी पहिली एस.टी. धावली. बेडफर्ड कंपनीची ती गाडी, तिचा सांगाडा लाकडी होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ आणि मराठवाडा मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. त्यानंतर १९६१ मध्ये या तिन्ही व्यवस्था एका महामंडळात आल्या. राज्याचा नकाशा बदलला तसा मेहकरच्या बसचाही नकाशा बदलला. जालन्याकडचा रस्ता आता परराज्यात जात नव्हता, आणि नागपूर-अमरावतीकडून औरंगाबादकडे (आताचे छत्रपती संभाजीनगर) जाणाऱ्या मार्गावरचे मेहकर हे मधले ठिकाण झाले. आज एस.टी.च्या बुलडाणा विभागात सात आगारे आहेत. त्यांतले एक मेहकरचे.

याच सुमारास, १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. गावोगाव चौथीपर्यंत आणि मोठ्या गावांत सातवीपर्यंत शाळा झाल्या. त्यापुढे शिकायचे तर डोणगाव, जानेफळ, देऊळगाव माळी अशा मोठ्या गावी किंवा मेहकरलाच जायचे. शुकदास महाराजांनी हिवरा येथे विवेकानंद आश्रम स्थापन केल्यावर तेही शिक्षणाचे एक ठिकाण झाले. प्राथमिक शाळा मुलाकडे आली होती, माध्यमिक शाळेकडे मुलाला जायचे होते. मधली जागा एस.टी.ने भरायची होती.

त्यासाठी आधी रस्ता हवा होता. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे खडी फोडण्याच्या आणि रस्त्यांच्या कामावर होती. त्यातून पुढे रोजगार हमीचा कायदा आला. गावाला जोडणारे कितीतरी रस्ते आधी या कामांवर मातीचे झाले, मग खडीचे, आणि पुष्कळ वर्षांनी डांबरी. आईबापांनी दुष्काळात घातलेल्या रस्त्यावरून मुले शाळेला गेली, असे महाराष्ट्रातल्या अनेक गावांबद्दल म्हणता येईल.

मुक्कामी गाडीचे गणित

शाळकरी मुलांच्या दृष्टीने एस.टी.ची सर्वांत मोठी युक्ती कोणती? मुक्कामी गाडी. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन गाडी गावात जाते, चालक-वाहक रात्री तिथेच राहतात आणि सकाळी तीच गाडी मुले, दूध, भाजी आणि कचेरीची कामे असलेली माणसे घेऊन तालुक्याला येते.

यामागचे गणित मुलांना सहज करता येईल. समजा, गाव आगारापासून २५ किलोमीटरवर आहे. गाडी मुक्काम न करता परत आली तर संध्याकाळी जाऊन-येऊन ५० आणि सकाळी पुन्हा ५० असे १०० किलोमीटर पडतात. त्यांतले ५० जवळजवळ रिकामे. मुक्काम केला तर तेच काम ५० किलोमीटरमध्ये होते. डिझेल निम्मे लागते आणि सकाळची गाडी वेळेवर सुटण्याची शक्यता वाढते, कारण ती आधीच गावात उभी असते. मोबदल्यात गावाने चालक-वाहकांना पाठ टेकायला जागा आणि प्यायला पाणी द्यायचे. कुठे देऊळ, कुठे शाळेची खोली, कुठे ग्रामपंचायत.

परतीच्या वाटेवर हीच एस.टी. आणखी एक काम करी. मेहकरसारख्या गावी खोली करून राहिलेल्या मुलाचा जेवणाचा डबा गावाकडून गाडीत चढवला जाई आणि स्थानकावर तो मुलगा उतरवून घेई. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत. ज्या घरांना खानावळीचा खर्च झेपत नव्हता त्यांच्या मुलांचे कॉलेज या डब्यावर झाले.

बस लांबी देते, सायकल रुंदी

आता थोडी भूमिती. एका माध्यमिक शाळेचा 'आवाका' म्हणजे एका तासात जिथून शाळेत पोचता येते ते क्षेत्र, असे धरू.

मूल तासाला ४ किलोमीटर चालते. शाळा मध्यबिंदू धरून ४ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस किलोमीटर येते. सायकलचा वेग ताशी १० किलोमीटर धरला तर ते सुमारे ३१४ होते. वेग अडीचपट, पण आवाका सव्वासहापट, कारण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढते.

बसचे वर्तुळ मात्र निघत नाही, कारण बस रस्त्यानेच जाते. मेहकरहून निघणाऱ्या मुख्य रस्त्यांच्या चार दिशा धरा: चिखलीकडे, जानेफळ-खामगावकडे, डोणगाव-मालेगावकडे आणि सुलतानपूरमार्गे जालन्याकडे. सोपेपणासाठी हे रस्ते अधिक चिन्हासारखे काटकोनात आहेत असे माना. मूल अर्धा तास चालून फाट्यावर येते आणि अर्धा तास बसने, ताशी २५ किलोमीटर वेगाने, शाळेकडे जाते. म्हणजे प्रत्येक दिशेला साडेबारा किलोमीटर लांब आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन किलोमीटर रुंद पट्टा. चारही पट्ट्यांचे मिळून, मधला सामाईक चौरस एकदाच धरून, १८४ चौरस किलोमीटर होतात.

गंमत पाहा. कागदावर सायकलने बसला हरवले! प्रत्यक्षात दहा किलोमीटर जाणे आणि दहा येणे, तेही उन्हात, पावसात आणि दप्तर घेऊन, अकरा वर्षांच्या मुलीला रोज झेपत नाही. बस अंतर देते आणि थकवा देत नाही, हे वर्तुळात दिसत नाही.

आता दोन्ही जोडा. मूल फाट्यापर्यंत अर्धा तास सायकलने आले तर पट्टा दोन्ही बाजूंना पाच-पाच किलोमीटर रुंद होतो आणि एकूण आवाका ४०० चौरस किलोमीटर, म्हणजे चालत येण्याच्या दुपटीहून अधिक. बस लांबी देते, सायकल रुंदी देते. फाट्यावर सायकली ठेवायला एक सुरक्षित छप्पर असणे ही शिक्षणाचीच सोय आहे, असे या आकड्यांवरून म्हणावेसे वाटते.

हे केवळ कागदावरचे नाही. बिहारमध्ये २००६ पासून नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून तिचा परिणाम तपासला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे-मुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली, असे त्यांना आढळले. सर्वाधिक परिणाम कुठे? जिथे शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर होती तिथे.

इतरत्र काय झाले?

खास शाळेसाठी केलेली बस ही कल्पना जुनी आहे. १८२७ मध्ये लंडनच्या जॉर्ज शिलिबियरने एका मुलींच्या शाळेसाठी घोड्यांची गाडी बांधून दिली, तीत २५ मुली बसत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १८६९ मध्ये मुलांची ने-आण सरकारी पैशाने करायला परवानगी दिली.

पुढे अमेरिकेने खेड्यांतील एकशिक्षकी शाळा बंद करून मोठ्या शाळा केल्या. १९३० च्या सुमारास तिथे अशा सुमारे दीड लाख शाळा होत्या. १९६० पर्यंत त्या २० हजारांवर आल्या. हे शक्य झाले ते बसमुळे. १९३९ मध्ये फ्रँक सायर यांनी न्यूयॉर्कमध्ये परिषद घेतली आणि शाळेच्या बसची मानके ठरली. पिवळा रंग तेव्हाचा. आपल्या डोळ्यांतील लाल आणि हिरव्या रंगाला प्रतिसाद देणाऱ्या दोन्ही प्रकारच्या शंकुपेशी पिवळ्या प्रकाशाने एकदम उत्तेजित होतात. त्यावर काळी अक्षरे पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडातही वाचता येतात.

या इतिहासातून एक क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. शाळा एकत्र करायच्या असतील तर मुलांना आणणारी गाडी आधी हवी. आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी लागते. कमी पटाच्या शाळांचे समायोजन करण्याची चर्चा अधूनमधून निघते. तेव्हा विचारायचा पहिला प्रश्न असा: त्या गावाला सकाळी शाळेच्या वेळेत गाडी आहे का, आणि पावसाळ्यातही आहे का?

सवलत आणि फेरी

महाराष्ट्राने विद्यार्थ्यांना भाड्यात मोठी सवलत दिली आहे. मासिक पासावर विद्यार्थ्याला एक तृतीयांशच भाडे पडते. १९९० च्या दशकात ग्रामीण भागातील पाचवी ते दहावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेतून मोफत पास मिळू लागला. २०१८ मध्ये ती सोय बारावीपर्यंत वाढवली गेली. २०११ मध्ये मानव विकास कार्यक्रम राज्यातील २२ जिल्ह्यांच्या १२५ मागास तालुक्यांत नेण्यात आला आणि त्यातून मुलींसाठी निळ्या रंगाच्या खास बस धावू लागल्या. बुलडाणा जिल्ह्यातील काही तालुकेही त्यात आहेत. जून २०२४ पासून महामंडळाने पास थेट शाळेत देण्याची मोहीम सुरू केली, त्यामुळे पासासाठी स्थानकावरच्या रांगेत बुडणारा दिवस वाचला.

पण पास मोफत असला तरी फेरी नसेल तर त्याचा उपयोग काय? हे सर्वांना उघड दिसले ते २०२१ मध्ये. करोनाच्या टाळेबंदीनंतर शाळा उघडू लागल्या, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या त्यांच्या जागी खऱ्याच होत्या. पण ज्या गावांना एस.टी.शिवाय दुसरे साधन नव्हते तिथल्या मुलांच्या शाळेत आणखी खंड पडला. त्यानंतर गाड्यांचा ताफाही पूर्वीइतका राहिला नाही. ताफा आटतो तेव्हा आधी कात्री लागते ती कमी उत्पन्नाच्या फेऱ्यांना, म्हणजे बहुधा आडगावच्या फेऱ्यांना. मुलगे काळी-पिवळी जीप, मोटारसायकल असे काहीतरी शोधतात. मुलींना घरचे त्यातून पाठवायला कचरतात. एक फेरी बंद झाली, अशी बातमी आपण वाचतो. त्यामुळे बंद झालेल्या शिक्षणाची बातमी होत नाही.

डिसेंबर २०२२ पासून मेहकरजवळून समृद्धी महामार्ग सुरू झाला आहे. नागपूर आणि शिर्डी त्यामुळे जवळ आले. पण त्या रस्त्याला फाटा नाही, थांबा नाही, पायी चढायला परवानगी नाही. शाळेला जाणाऱ्या मुलीच्या नकाशात तो रस्ता जवळजवळ नाहीच.

वर्गात करण्याजोगे

या इतिहासाचे पुष्कळसे दस्तऐवज आपल्याच शाळेत पडून आहेत. विद्यार्थ्यांचा सर्वसाधारण नोंदवही-दाखला काढा. त्यात प्रत्येक मुलाचे मूळ गाव नसले तरी जन्मगाव आणि आधीची शाळा असते. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतील दर पाच वर्षांची यादी करा: कोणत्या गावातून किती मुलगे आणि किती मुली आठवीत आल्या? मग त्या गावांत जाऊन विचारा, पहिली एस.टी. कधी आली, मुक्कामी कधी झाली, पूल कधी झाला, बंद कधी पडली. दोन्ही तक्ते एकाखाली एक ठेवा. जुने चालक-वाहक, तेव्हा पासावर शिकलेल्या आणि आता आजी झालेल्या बाया, डबे पाठवणाऱ्या आया ही सारी या इतिहासाची जिवंत साधने आहेत.

दुसरे काम आजचे. शाळेतील बसने येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वेळेचे चार भाग करा: फाट्यापर्यंत चालणे, गाडीची वाट पाहणे, प्रवास, आणि शाळा भरण्याआधीचे थांबणे. बहुतेक ठिकाणी प्रवासापेक्षा वाट पाहणेच जास्त निघेल. तो वेळ रस्ता रुंद करून कमी होत नाही, वेळापत्रक बदलून होतो.

इथे शिक्षकांच्या हातातही काही आहे. एका गावातल्या सगळ्या शाळा अकरालाच भरत असतील तर सगळ्यांना दहा-साडेदहाचीच गाडी लागते आणि आगाराकडे तितक्या गाड्या नसतात. बारा किलोमीटरवरच्या गावाला जाऊन येण्यास एका गाडीला साधारण तासभर लागतो. दोन शाळांनी आपल्या वेळा तासाभराने मागेपुढे केल्या तर तीच गाडी दोन फेऱ्यांत दुप्पट मुले आणू शकते. मुलांनी काढलेले तक्ते घेऊन मुख्याध्यापकांनी एकत्र आगारप्रमुखांना भेटावे, आणि तेही जूनच्या आधी, कारण वेळापत्रक एकदा बसले की वर्षभर हलत नाही. पाच वाजता सुटणाऱ्या शाळेसाठी साडेचारची गाडी साडेपाचला नेता आली, तर कितीतरी मुलींचा शेवटचा तास वाचेल. तो तास बहुतेक शाळांत विज्ञानाचा किंवा गणिताचा नसतो, खेळाचा असतो. पण तोही त्यांचाच आहे.